थंडीसाठी क्रेनची तयारी आणि देखभाल : कामाच्या नोंदी, ऑक्टोबर ते मार्च

मशीन दोन आहेत. एक ५० टनी टेलिस्कोपिक ट्रक क्रेन, म्हणजे जिचा बूम (उचलणारा लांब हात) एकात एक सरकणाऱ्या सेक्शनचा असतो, आणि एक जाळीच्या बूमची क्रॉलर, म्हणजे ट्रॅकवर चालणारी. शिवाय शेडमध्ये दोन-तीन चेन ब्लॉक (हाताने साखळी ओढून उचलायचे) आणि एक इलेक्ट्रिक होइस्ट. ऐन थंडीत साइटवर दिवसा उणे १० आणि रात्री उणे २५ च्या आसपास जातं. तयारी म्हटली की सगळे इंजिन सुरू कसं होईल यावरच बोलतात, पण इंजिन हा त्यातला सोपा भाग निघाला. वेळ खाल्ला तो पाण्याने, नको तिथे साठून गोठलेल्या. कुणाला असंच काम करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून नोंदी जशाच्या तशा ठेवतोय.

६ ऑक्टोबर

अजून दुपारी १५ अंश आहे, तरी सुरुवात आत्ताच, कारण काही कामं गारठ्यात होतच नाहीत. पहिलं म्हणजे चिरा तपासणं. डाय पेनेट्रंटचे (चिरेत शिरून ती दाखवणारा रंग) जे साधे कॅन येतात ते साधारण ५ ते ५० अंशांतच धड चालतात, त्याखाली डाय चिरेत नीट शिरत नाही आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. थंडीत स्टील ठिसूळ होतं, उन्हाळ्यात जी चीर वर्षभर तशीच पडून राहिली असती ती थंडीत एका झटक्यात धावू शकते, म्हणून हे काम सगळ्यात आधी.

हुक, हुक ब्लॉकच्या साइड प्लेट, बूमचं डोकं, बूमच्या मुळाची पिन, जॅकच्या (क्रेनला जमिनीवर टेकवणारे बाजूचे पाय) बीमचे वेल्ड, सगळं वायर ब्रशने साफ करून डाय मारला. हुक स्वच्छ. बूमच्या डोक्याजवळ केबल रीलचं ब्रॅकेट आहे त्याच्या वेल्डला बारीक चीर मिळाली. ब्रॅकेटवर लोड येत नाही त्यामुळे घासून परत वेल्ड केलं. हीच चीर बूमच्या मुख्य प्लेटला असती तर हात लावला नसता, ती हाय टेन्साइल प्लेट असते, कंपनीची पद्धत हातात नसताना तिथे वेल्डिंग म्हणजे चांगली प्लेट खराब करणं.

स्लू रिंगचे (जिच्यावर क्रेनचा वरचा भाग फिरतो) बोल्ट टॉर्कने तपासले. थोडे ढिले होते, मॅन्युअलच्या आकड्यावर आणले.

मॅन्युअलमध्ये किमान तापमान शोधून काढलं, आमच्या ट्रक क्रेनला उणे २०. म्हणजे रात्रीचं उणे २५ असताना उचलायचंच नाही, लोड कितीही हलका असला तरी. हा आकडा कॅबमध्ये मोठ्या अक्षरात चिकटवला आणि बाहेर सावलीत थर्मामीटर लावला. कॅबचा थर्मामीटर हीटरच्या हवेत असतो, त्याच्यावर जाऊ नका.

१३ ऑक्टोबर

वायर रोप. आत्ताच ग्रीस लावायचं कारण रोपचं ल्युब्रिकंट कोमट हवेतच तारांच्या आत जातं, गारठ्यात वरच थापून राहतं. आधी पूर्ण रोप सोडून कोरडा पुसला. आत पाणी राहिलं आणि वरून ग्रीस लावलं तर पाणी कोंडलं जातं, मग ते गाभ्यात गोठतं. सोडता सोडता तुटलेल्या तारा, चपटा भाग, गंज, व्यास सगळं पाहिलं (आयएसओ ४३०९ मध्ये रोप कधी काढून टाकायचा ते दिलंय, त्याच्याशी ताडून). मेन रोप ठीक. ऑक्झिलरी विंचचा (रोप गुंडाळणारा दुसरा ड्रम) रोप वेज सॉकेटच्या (रोपचं टोक पाचरीने पकडतं ते) तोंडाशी गंजलेला होता, तिथे पाणी साठतं. तेवढा तुकडा कापून सॉकेट परत बसवलं.

ग्रीस कमी तापमानाचं आणलं, मऊ राहणारं. जुनं जाड काळं ग्रीस गारठ्यात कडक होऊन पापडी पडते आणि पुलीच्या खाचेत साठते. अर्धा दिवस जाईल असं वाटलं होतं, पूर्ण दिवस गेला.

२० ऑक्टोबर

ऑइलचा दिवस. सगळ्यात जास्त पैसे इथे गेले, आणि मालकाला पटवायला सगळ्यात जास्त वेळही.

इंजिन ऑइल १५ डब्ल्यू ४० होतं. १५ डब्ल्यू हे इंजिन फिरवण्याच्या चाचणीला उणे २० वर तपासलेलं असतं, ५ डब्ल्यू उणे ३० वर. आमच्या सकाळी बघता ५ डब्ल्यू ४० घातलं. इंजिनच्या मॅन्युअलमध्ये ते चालतं असं आहे का ते आधी बघा, नुसतं पातळ म्हणून घालू नका.

हायड्रॉलिकला आयएसओ व्हीजी ४६ होतं. हा ४६ म्हणजे ४० अंशांवरचा जाडपणा, उणे २० ला तेच साधं ४६ डांबरासारखं होतं, पंपाला ओढताच येत नाही. पर्याय दोन होते, साधं व्हीजी ३२ किंवा जास्त व्हिस्कॉसिटी इंडेक्सचं मल्टिग्रेड. साधं ३२ स्वस्त, पण दुपारी ऊन आणि सलग काम असेल तर ऑइल ६० अंशांपर्यंत जातं, मग ३२ फार पातळ पडतं, सिलिंडर हळूहळू उतरतात. म्हणून मल्टिग्रेड ३२ घेतलं, तेच जे थंडीत कमी घट्ट आणि गरमीत कमी पातळ होतं.

टाकी रिकामी केली म्हणजे सिस्टम रिकामी झाली असं नाही. सिलिंडर, होज, मोटर यांत भरपूर जुनं ऑइल राहतं. सगळे सिलिंडर पूर्ण आत घेऊन टाकी सोडली, तरी विंच मोटर आणि स्लूच्या लाइनमध्ये राहिलंच. दुसऱ्यांदा टाकी बदलावी असं मला वाटत होतं, पैसे बघून राहून गेलं. डिसेंबरात त्याचं फळ मिळालं, पुढे लिहिलंय.

रिटर्न फिल्टर नवीन. थंड जाड ऑइल फिल्टरमधून जात नाही, मग बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळता फिरतं. फिल्टर आधीच अर्धा भरलेला असेल तर सकाळचा पहिला अर्धा तास मशीन स्वतःचीच घाण पीत असतं.

२८ ऑक्टोबर

कूलंट. रिफ्रॅक्टोमीटरने बघितलं तर उणे १८ पर्यंतचं निघालं, उन्हाळ्यात कुणीतरी नुसतं पाणी टॉप अप करत राहिलं होतं. काढून ५०-५० केलं, एथिलीन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड वॉटर, ते साधारण उणे ३७ पर्यंत जातं. हेल्परचं म्हणणं होतं शुद्ध कूलंटच भरू, जास्त चांगलं. उलट आहे, नुसतं ग्लायकॉल उणे १३ च्या आसपास गोठायला लागतं. ६० टक्क्यांच्या पुढे घालण्यात फायदा नाही.

बॅटऱ्या. २४ व्होल्टसाठी दोन १२ व्होल्टच्या सिरीजमध्ये. नुसतं मल्टीमीटर लावलं तर दोन्ही १२.६ दाखवत होत्या. लोड टेस्टर लावल्यावर एक बसली. थंडीत उणे १८ ला बॅटरीची ताकद निम्म्यावर येते, त्याच वेळी जाड ऑइलमुळे सेल्फला जास्त करंट लागतो, दोन्ही बाजूंनी मार. दोन्ही एकदम बदलल्या, एक जुनी एक नवी असं सिरीजमध्ये ठेवलं की नवीही लवकर जाते.

आणखी एक, पूर्ण चार्ज बॅटरी उणे ५०-६० पर्यंत गोठत नाही, पण उतरलेली बॅटरी उणे १० च्या आतबाहेरच गोठते. गोठलेल्या बॅटरीला जंपर लावू नका, फुटते. आत आणून पूर्ण वितळू द्या, डबा फुगलेला किंवा तडकलेला असेल तर सरळ टाकून द्या.

ब्लॉक हीटर बसवला. रात्रभर चालू ठेवायची गरज नाही, सुरू करण्याआधी तीन-चार तास पुरतात, टायमर लावला. हायड्रॉलिक टाकीला बाहेरून चिकटणारे सिलिकॉन पॅड हीटर घेतले, आत बुडवायचा हीटर नाही. आतला घ्यायचाच तर कमी वॅट डेन्सिटीचा (रॉडच्या पृष्ठभागावर कमी उष्णता देणारा) हवा, नाहीतर रॉडला लागलेलं ऑइल जळतं आणि कार्बन सगळीकडे फिरतो.

५ नोव्हेंबर

एअर सिस्टम. ड्रायरचं कार्ट्रिज बदललं, टाक्यांचे ड्रेन कॉक उघडले तर एकातून कपभर पाणी आणि तेलाचा चिखल आला. हेच पाणी ब्रेकच्या व्हॉल्व्हमध्ये गोठतं. आजपासून रोज संध्याकाळी, मशीन गरम असतानाच, सगळ्या टाक्या ड्रेन. सकाळी करून उपयोग नाही, तोवर कॉकच गोठलेला असतो. लाइनमध्ये अल्कोहोल ओतायचा जुना जुगाड ड्रायर असलेल्या गाडीवर करू नका, ड्रायर आणि सील दोन्हींची वाट लागते.

टायर आत्ताच्या गारव्यात तपासले. १० बारचा टायर १५ अंशांत भरला आणि हवा उणे २५ झाली की साधारण दीड बार कमी दाखवतो, पंक्चर नसताना. अॅक्युम्युलेटरमधल्या (हायड्रॉलिकचं प्रेशर साठवणारी बाटली) नायट्रोजनचंही तसंच, त्याचं प्रेशर तपासताना किती तापमानाला तपासलं ते लिहून ठेवा.

१४ नोव्हेंबर

ग्रीस. स्लू रिंग, पिना, विंच बेअरिंग. एनएलजीआय (ग्रीसच्या घट्टपणाचा नंबर, कमी म्हणजे मऊ) २ वरून कमी तापमानाच्या एनएलजीआय १ वर आलो. ऑटो ग्रीसिंगची बारीक नळी आहे तिथे शून्य नंबर लागला, १ पण शेवटच्या पॉइंटपर्यंत पोचेना. जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवीन मारत राहायचं आणि स्लू रिंग फिरवत फिरवत मारायचं, एका जागी उभं करून मारलं तर अर्धी रिंग कोरडीच राहते.

बूमच्या स्लाइड पॅडना कडक ग्रीस होतं, खरवडून काढलं.

२२ नोव्हेंबर

पहिली खरी थंडी, सकाळी उणे १२. ट्रक क्रेन दुसऱ्या सेल्फला सुरू, सगळे खूश, आणि पंधरा-वीस मिनिटांनी आरपीएम पडायला लागला आणि बंद. डिझेल. नवीन विंटर डिझेल भरलं होतं पण टाकीत तळाशी उन्हाळी डिझेल बरंच शिल्लक होतं. डिझेलमधलं मेण आधी धुरकट दिसतं, मग फिल्टरमध्ये अडकतं. लाइनमध्ये जेवढं होतं तेवढ्यावर इंजिन चाललं आणि फिल्टर भरला.

फिल्टर काढला तर पांढऱ्या चरबीसारखा थर. अँटी-जेल टाकून बघितलं, काही फरक नाही, कारण ते मेण तयार व्हायच्या आधी टाकायचं असतं, झालेलं मेण ते विरघळवत नाही. शेवटी ताडपत्रीचा तंबू करून त्यात गरम हवेचा ब्लोअर सोडला, टाकी आणि लाइन गरम केली, उघडी ज्योत नाही. फिल्टर नवीन, तळाचं डिझेल काढलं. दिवस गेला.

डिझेल घेताना सीएफपीपी हा आकडा विचारा, म्हणजे किती थंडीपर्यंत फिल्टरमधून जातं तो. युरोपच्या ईएन ५९० मध्ये एफ ग्रेड उणे २० पर्यंत, त्याखाली आर्क्टिकचे वेगळे वर्ग, पहिला उणे २० आणि शेवटचा उणे ४४. पोअर पॉइंट (ज्याच्या खाली डिझेल वाहतच नाही तो आकडा) सांगून गळ्यात मारतात, तो याच्यापेक्षा खालचा असतो, त्यावर भरवसा ठेवू नका.

रोज संध्याकाळी डिझेल टाकी फुल, म्हणजे वरच्या मोकळ्या जागेत दमट हवा राहत नाही. वॉटर सेपरेटर रोज ड्रेन. युरियाच्या (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करायला लागतो तो) टाकीचं मात्र उलट, ती काठोकाठ भरायची नाही. ३२.५ टक्के युरियाचं द्रावण उणे ११ ला गोठतं आणि गोठताना साधारण ७ टक्के फुगतं, टाकी फोडतं. गोठलं तरी इंजिन सुरू होतं, टाकीतला हीटर चालताना ते वितळवतो, त्यामुळे घाबरून त्यात काही मिसळू नका.

आणि थंड इंजिन पेटवायचा ईथरचा स्प्रे. एकाने खिशातून काढला होता, परत ठेवायला लावला. इनटेकला ग्रिड हीटर (आत जाणारी हवा तापवणारा) आहे, त्यावर ईथर गेलं तर मॅनिफोल्डच उडतं.

३ डिसेंबर

उणे १९. आज ऑक्टोबरातल्या कंजूषपणाचं बिल आलं. टाकी पॅड हीटरने गरम, ऑइल २० अंश, बूम झकास चालतंय आणि विंच टाकल्यावर मोटर किंचाळली, मग अडकत अडकत फिरली. मोटरमध्ये आणि लाइनमध्ये जुनं ४६ तसंच होतं, एकदम थंड, आणि मागून गरम ऑइल आलं. गरम ऑइल थंड मोटरमध्ये शिरलं की आतले भाग आधी फुगतात, बाहेरचं घर थंडच असतं, फट कमी होते. जरा जोरात दिलं असतं तर मोटर जाम झाली असती.

मोटरचं केस ड्रेन फिल्टर (मोटरच्या आतून झिरपणारं ऑइल गाळणारं) उघडून बघितलं, पितळी चुरा नाही, नशीब. लाइन सोडून जुनं ऑइल काढलं, टाकी परत बदलली. म्हणजे शेवटी दोन वेळचं ऑइल लागलंच, वर एक दिवस बुडाला तो वेगळा.

आता सकाळचा क्रम असा ठरवलाय. इंजिन आयडलवर दहा-पंधरा मिनिटं, पीटीओ (इंजिनची ताकद पंपाला देणारा जोड) न लावता. मग पीटीओ, पंप नुसता फिरू द्यायचा, आवाज ऐकायचा, कण्हल्यासारखा येत असेल तर थांबायचं. मग प्रत्येक फंक्शन लोड नसताना थोडं थोडं, जॅक, लफिंग (बूम वर-खाली), टेलिस्कोप, स्लू दोन्हीकडे, विंच वर खाली. सगळीकडचं ऑइल टाकीत जाऊन परत येईपर्यंत. लिव्हर शेवटाला दाबून रिलीफवर (जादा प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह) धरून ऑइल गरम करायची सवय बऱ्याच ऑपरेटरना आहे, त्याने टाकी गरम होते आणि लांबच्या मोटरी थंडच राहतात, म्हणजे वर लिहिलेलाच प्रकार स्वतः घडवून आणायचा. सगळं मिळून पाऊण तास ते तास. फोरमनला हा तास वेळापत्रकात लिहायला लावा, नाहीतर तो रोज भांडण करून मिळवावा लागतो.

१० डिसेंबर

आज सगळ्यात जास्त घाबरवणारी गोष्ट. कालच्या ओल्या बर्फानंतर सकाळी तपासणी करताना ऑपरेटरने हुक हळूहळू वर घेऊन अँटी-टू-ब्लॉक (हुक बूमच्या डोक्याला भिडण्याआधी थांबवणारा स्विच) बघितला. अलार्म वाजला नाही, कट-ऑफ झाला नाही. स्विचला जे वजन साखळीने लटकतं ते हुक ब्लॉकने वर उचललं की स्विच सुटतो. इथे स्विचचा लिव्हर बर्फात घट्ट बसला होता, वजन उचलूनही सुटेना. रिगर (लोड बांधणारा) खाली उभा राहून बघत होता म्हणून हुक वेळेत थांबला, नाहीतर ब्लॉक बूमच्या डोक्याला भिडून रोप तुटला असता.

मग डोक्यावरचं सगळं बारकाईने बघितलं. अॅनिमोमीटरच्या (वारा मोजणारा) वाट्या गोठून उभ्या, स्क्रीनवर वारा शून्य. वारा चांगलाच होता. शून्य दाखवतंय म्हणजे वारा नाही असं थंडीत धरायचंच नाही, शून्य आलं की आधी वाट्या फिरताहेत का बघायचं. पुलींच्या खाचेत बर्फ होता, अशा खाचेत रोप बसत नाही, कडेवर चढतो आणि उडी मारतो.

बर्फ काढायला हातोडी आणि पहार बंद केली, एकदा सेन्सरची केबल त्यात गेलीये. बूम पूर्ण खाली आणून प्लास्टिकचे स्क्रॅपर, ब्रश आणि गरम हवा. गरम पाणी अजिबात नाही, ते अजून आत जाऊन गोठतं. वितळलं की पुसून कोरडं, मग स्विचला सिलिकॉन स्प्रे.

टेलिस्कोपच्या सेक्शनवर बर्फ असताना बूम आत घ्यायचा नाही. बर्फ सेक्शनबरोबर आत जातो, तिथे वितळून परत गोठतो आणि दुसऱ्या दिवशी बूम बाहेर येत नाही. कितीही घाई असली तरी वरची बाजू आधी साफ.

लोड सेन्सरची केबल पीव्हीसीची होती, केबल रीलवर वाकते तिथे तडकली. ती पॉलियुरेथेनच्या केबलने बदलली. सेफ लोड इंडिकेटरचा डिस्प्ले उणे २० च्या आसपास आळशी होतो, आकडा उशिरा बदलतो, कॅब गरम होईपर्यंत थांबायचं.

१९ डिसेंबर

प्रीकास्ट स्लॅब जमिनीवर ठेवलेले, ६ बाय २.४ मीटर. वर बर्फाचा थर दीड सेंटीमीटर. हिशोब केला, १४.४ चौरस मीटर गुणिले ०.०१५ गुणिले ९१७, म्हणजे १९८ किलो फक्त बर्फ. वजनाच्या कागदावर हे कुठेच नाही. पण त्याहून वाईट म्हणजे स्लॅब खाली जमिनीला चिकटलेला. चिकटलेला लोड किती ओढतो ते कुठल्याच चार्टवर नाही. हळू टाइट केलं, इंडिकेटर स्लॅबच्या वजनाच्या पुढे जाताना दिसला आणि तिथेच थांबवलं. चिकटलेलं अचानक सुटलं की सगळा ताण एकदम परत येतो, बूम उसळतं, आणि थंड स्टीलला नेमका झटकाच चालत नाही.

सुटे जॅक आणि पाचरी लावून कडेने सोडवला. उरलेले स्लॅब आता लाकडी स्लीपरवर ठेवलेत, खाली प्लास्टिक शीट. हा नियम येणाऱ्या सगळ्या मालाला, उतरवतानाच.

बेल्ट स्लिंगबद्दल. पॉलिस्टरचा बेल्ट तापमानाला उणे ४० पर्यंत चालतो, पण ओला होऊन गोठलेला बेल्ट चालत नाही, आतल्या बर्फाचे कण धागे कापतात आणि बाहेरून काही दिसत नाही. कडक काठीसारखा झालेला बेल्ट वाकवून लोडवर लावणं बंद. रोज संध्याकाळी आत, टांगून कोरडे. ग्रेड ८० ची साखळीही उणे ४० पर्यंत पूर्ण लोडला ठीक. डी शॅकलचं (पिन लावून बंद करायची लोखंडी कडी) प्रत्येकाचं बघा, सगळे एकसारखे नसतात, ज्याच्यावर मार्किंगच नाही ते पेटीतून काढून टाकले.

२ जानेवारी

क्रॉलर जागची हलेना. ट्रॅकमधला चिखल रात्रीत गोठून जमिनीशी एक झाला. ऑपरेटर जोर लावणार होता, ड्राइव्ह मोटर किंवा ट्रॅकची लिंक गेली असती. ब्लोअर आणि कुदळ, दुपारपर्यंत. आता काम संपल्यावर ट्रॅक साफ आणि मशीन लाकडी स्लीपरवर. ट्रक क्रेनला पार्किंग ब्रेक ओला असताना लावून ठेवला की लायनर ड्रमला चिकटतात, म्हणून सपाट जागा, चाकाला दोन्हीकडून लाकडी गुटके, आणि ब्रेक आधी थोडा चालवून कोरडा करायचा.

जॅकच्या प्लेटखाली बर्फ साफ करून मॅट टाकायचे, बर्फावर कधीच नाही. गोठलेली जमीन वरून दगड वाटते, खाली पोकळी किंवा मऊ माती असू शकते.

११ जानेवारी

एक काम असं होतं की बूम एका अँगलला धरून लोड बराच वेळ टांगून ठेवायचा होता, खाली फिटिंग चालू. लोड आपोआप खाली येतोय असं फिटरने सांगितलं. सगळ्यांना वाटलं सील गेलं. सील नव्हतं गेलं. गरम ऑइल सिलिंडरमध्ये कोंडलेलं, बाहेर उणे १५, ऑइल थंड होऊन आकसत होतं. ऑइल दर अंशाला साधारण ०.०७ टक्के आकसतं, म्हणजे ३० अंशांचा फरक आणि सिलिंडरमध्ये ४ मीटर ऑइलचा स्तंभ असेल तर ८ सेंटीमीटरच्या वर, आणि बूमच्या टोकाला ते कितीतरी पट. उभ्या जॅकचंही तेच, चारही सारखे थंड होत नाहीत, लेव्हल सुटते. म्हणून थंडीत लोड धरून ठेवायचा असेल तर दर काही मिनिटांनी लेव्हल आणि त्रिज्या (लोड क्रेनच्या मध्यापासून किती लांब आहे ते) बघायची, आणि शक्य असेल तर टेकू देऊन टांगणं टाळायचंच.

सील पण एक खरंच गेलं, दुसऱ्या जॅकचं. साधा नायट्राइल रबर साधारण उणे ३० च्या आसपास कडक पडतो, जुना असेल तर त्याआधीच. सकाळी गळतं आणि दुपारी बंद होतं, असं दिसलं तर ते आपोआप बरं झालेलं नसतं. कमी तापमानाच्या नायट्राइलचं सील मागवून बसवलं. येईपर्यंत मशीन उभं.

२० जानेवारी

इलेक्ट्रिक होइस्टचा ब्रेक घसरला, हलका लोड होता म्हणून निभावलं. होइस्ट गरम शेडमधून दारातल्या गर्डरवरून बाहेर जातो आणि परत येतो. गार लोखंड आत आलं की त्यावर दव धरतं, बाहेर गेलं की ते गोठतं, ब्रेकच्या डिस्कवर पातळ थर. मॅन्युअल चेन ब्लॉकचंही तेच, त्याचा ब्रेकही घर्षणाचा. आता एकतर आत किंवा बाहेर, ये-जा बंद. पॅनेलमध्ये छोटा हीटर बसवला. आणि पहिला लोड फक्त वीतभर उचलून थांबायचं, ब्रेक धरतोय का बघायचं.

मोठ्या क्रेनचंही आम्ही तेच करायला लागलो होतो, ती रात्री शेडमध्ये ठेवायची. बंद केलं. एकतर तिला पूर्ण कोरडी होईपर्यंत आत ठेवा नाहीतर बाहेरच राहू द्या.

वाऱ्याच्या गारठ्यावरून वाद झाला, ‘वाऱ्यामुळे उणे ३० वाटतंय म्हणजे क्रेन बंद’. मशीनला वाटत बिटत नाही. वाऱ्याने लोखंड लवकर थंड होतं, पण हवेच्या तापमानाच्या खाली जात नाही. थर्मामीटर उणे १६ म्हणतो तर क्रेनसाठी उणे १६. रिगर आणि सिग्नलमनसाठी मात्र तो उणे ३० खरा आहे, बोटं बधिर झालेल्या माणसाला शॅकलची पिन पूर्ण बसली की नाही कळत नाही, त्यामुळे पाळी छोटी केली.

१७ फेब्रुवारी

बरेच दिवस लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही बिघडलं नाही. सकाळचा तास, संध्याकाळचं ड्रेन, वर बर्फ साफ, एवढंच. इंजिन आयडलवर तासन्तास ठेवायची सवय लागत होती ती मोडली, आयडलवर इंजिन गरमच होत नाही, अर्धवट जळलेलं डिझेल सायलेन्सरमध्ये साठतं. काम नसेल तर बंद, ब्लॉक हीटर लावा.

९ मार्च

दुपारी ५ अंश, रात्री उणे ६. सगळे सैल पडलेत आणि जमीन आत्ता सगळ्यात वाईट आहे. सकाळी गोठलेल्या जमिनीवर जॅक लावले, लेव्हल अचूक, दुपारी एका कोपऱ्याची मॅट चार बोटं खाली. लोड नव्हता. आता जॅकखाली दुप्पट मॅट आणि दर तासाला लेव्हल, आणि मोठा लोड असेल तर सकाळीच.

उरलेली कामं: रोप पूर्ण सोडून पुसणे आणि परत ल्युब्रिकंट, हुक आणि ब्लॉकची डाय पेनेट्रंट पुन्हा (१० अंशांच्या वर गेलं की), हायड्रॉलिक ऑइलचा नमुना पाण्यासाठी तपासायला पाठवणे, रिटर्न फिल्टर, टायरची हवा कमी करून आकड्यावर आणणे. इंजिनातलं ५ डब्ल्यू ४० तसंच ठेवतोय, ते उन्हाळ्यातही चालतं. हायड्रॉलिकचं मल्टिग्रेडही काढणार नाही, पुढच्या ऑक्टोबरात परत तोच खर्च मागायला मालकाकडे जायची माझी तयारी नाही.